हिपहॉप व्हिडिओ बनवताय? आधी साचा ओळखा, मग तो मोडा

तुमच्या घरात १७ ते २२ वर्षांचं कोणी असेल, तर हे दृश्य तुम्हाला नवं नाही. गच्चीवर चार मित्र जमलेत. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात ब्लूटूथ स्पीकर. तिसरा कॅमेऱ्यात डोळे घालून, हातवारे करत काहीतरी भरभर बोलतोय आणि चौथा मागे उभा राहून मान डोलावतोय. "अरे, अभ्यास कधी करणार?" असं विचारलं की उत्तर येतं, "आई, हे कॉलेजचं प्रोजेक्टच आहे!"

खूपदा ते खरंही असतं. मास कम्युनिकेशन, पत्रकारिता, फिल्म किंवा डिझाइन शिकणाऱ्या मुलांना म्युझिक व्हिडिओ बनवायला सांगितला जातो आणि त्यातली कित्येक मुलं डोळे झाकून हिपहॉप निवडतात. कारण सोपं आहे. हिपहॉपला वाद्यवृंद लागत नाही, गळा गोड असावा लागत नाही, सेट लागत नाही. लागतो तो एक बीट, लिहिलेले शब्द आणि उभं राहायला एक गल्ली.

पण व्हिडिओसोबत एक प्रश्नही सोडवावा लागतो. तुमच्या व्हिडिओने या प्रकाराचे नियम कुठे पाळले आणि कुठे मोडले? मुलं इथेच अडतात. हा प्रश्न नीट समजला तर मार्क मिळतातच, पण त्याहून मोठी गोष्ट हाती लागते. आपण कोणाचं तरी आयुष्य उसनं घेऊन मिरवतोय की स्वतःचं दाखवतोय, हे कळू लागतं. म्हणूनच हा लेख मुलांसाठी आहे, तेवढाच त्यांच्या आईबाबांसाठीही.

सुरुवात झाली शाळेच्या कपड्यांपासून

हिपहॉप म्हटलं की अनेक पालकांच्या डोळ्यांसमोर शिव्या, दारू आणि महागड्या गाड्या येतात. सुरुवात मात्र अगदी घरगुती होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, जो पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. लोक नाचतात ते गाण्यातल्या नुसत्या ढोलकीच्या तुकड्यावर, हे त्याने हेरलं आणि दोन रेकॉर्ड प्लेयर वापरून तो तुकडा लांबवला. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज हाच दिवस मानला जातो.

पुढे १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं 'द मेसेज' आलं. त्याच्या व्हिडिओत न्यूयॉर्कचे खरे रस्ते दिसले. १९८८ मध्ये अमेरिकेत 'यो! एमटीव्ही रॅप्स' हा कार्यक्रम सुरू झाला आणि रॅप गाण्याबरोबर रॅपचा चेहरामोहराही घराघरांत पोहोचला. साचा तयार झाला तो इथे.

हा साचा नेमका असतो कसा?

कोणताही हिपहॉप व्हिडिओ आवाज बंद करून बघा. तरीही तो हिपहॉपचाच आहे हे तुम्हाला ओळखता येईल. का? कारण काही खुणा ठरलेल्या आहेत.

पहिली खूण म्हणजे कॅमेऱ्याशी थेट नजर. हिंदी सिनेमातला नायक नायिकेकडे बघून गातो, रॅपर तुमच्याकडे बघून बोलतो. दुसरी खूण, कॅमेरा खाली आणि माणूस वर. कंबरेखालून घेतलेल्या शॉटमुळे किरकोळ अंगकाठीचा मुलगाही उंच, दमदार वाटतो. तिसरी, पाठीमागे उभी असलेली मित्रांची फौज. एकटा माणूस इथे दुबळा समजला जातो. चौथी, जागा. गल्ली, गच्ची, पुलाखालचा भाग, रंगवलेल्या भिंती. पाचवी, अंगावरच्या वस्तू म्हणजे सैल कपडे, बूट, साखळी, गाडी. सहावी खूण म्हणजे ठेक्यावर बदलणारं दृश्य. आणि सातवी, स्वतःचं नाव. रॅपर गाण्यात कुठेतरी स्वतःचं नाव घेतोच.

अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ च्या आपल्या पुस्तकात म्युझिक व्हिडिओ कसा वाचावा हे मांडलं. शब्द आणि दृश्य यांचं नातं काय, संगीत आणि दृश्य यांचं नातं काय, गायकाचे किती क्लोजअप, कोण कोणाकडे बघतंय, त्या गाण्याच्या प्रकाराच्या खुणा कोणत्या, दुसऱ्या कोणत्या कलाकृतीची आठवण करून दिली आहे का, असे ते प्रश्न. तुमच्या मुलाला प्रोजेक्टचा अहवाल लिहायचा असेल, तर हे प्रश्न एका कागदावर उतरवून ठेवायला सांगा. अर्धा अहवाल तिथेच तयार होईल.

नियम पाळायचे की मोडायचे?

दोन्ही. नुसते पाळले तर नक्कल होते, नुसते मोडले तर बघणाऱ्याला हे हिपहॉप आहे हेच कळत नाही. सिनेमाचे अभ्यासक स्टीव्ह नील यांनी सांगितलंय की कोणताही प्रकार टिकतो तो पुनरावृत्ती आणि वेगळेपण या दोन पायांवर.

मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य शिकत होते तेव्हा ही गोष्ट मला शेक्सपिअरच्या १३० क्रमांकाच्या सॉनेटमधून कळली. ओळी चौदाच, यमकं ठरलेलीच. पण सगळे कवी प्रेयसीला सूर्य, गुलाब, पोवळं म्हणत असताना हा कवी म्हणतो की माझी प्रेयसी तशी मुळीच नाही, आणि तरीही ती मला अनमोल आहे. साचा तोच ठेवून त्याने आतला मजकूर उलटवला. चांगला हिपहॉप व्हिडिओही हेच करतो.

तीन उदाहरणं बघू.

१९९७ मध्ये मिसी एलियटचा 'द रेन' हा व्हिडिओ आला. दिग्दर्शक हाइप विल्यम्स. माशाच्या डोळ्यासारखी गोल लेन्स, ठेक्यावर कट, थेट कॅमेऱ्यात बघणं, सगळं साच्यातलंच. पण त्या काळात व्हिडिओतल्या बाईने कमीत कमी कपड्यांत नाचायचं हा अलिखित नियम असताना मिसी आली ती हवा भरलेला, फुग्यासारखा टम्म काळा सूट घालून. तिच्या शरीराचा आकारच दिसत नव्हता. लोकांनी पाहिलं ते तिचं डोकं आणि ऐकले ते तिचे शब्द.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. २०१४ च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नावेद शेख म्हणजेच नेझीने 'आफत' हे गाणं आणलं. वय विशीचं. घरातल्या आयपॅडवर त्याने बीट शोधला, त्याच आयपॅडला साधा माइक जोडून आवाज रेकॉर्ड केला आणि त्यावरच आपल्या वस्तीत व्हिडिओ शूट केला. मित्रांची टोळी होती, ऐट होती, गल्ली होती. नव्हती ती श्रीमंतीची उसनी नक्कल. पुढच्याच वर्षी डिव्हाइनबरोबरचं त्याचं 'मेरे गली में' आलं आणि २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपटाने ही गोष्ट घराघरांत नेली. एक गंमत सांगते. 'मेरे गली में'चं संगीत केलं होतं सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या निर्मात्याने. म्हणजे मुंबईच्या गल्लीचा ठेका दिल्लीत घडला!

तिसरं उदाहरण २०२४ चं. हनुमानकाइंडच्या 'बिग डॉग्ज'मध्ये वेगाने धावणारी वाहनं आहेत, जी हिपहॉपची जुनी खूण. पण ती महामार्गावर नाही, तर जत्रेतल्या 'मौत का कुआं'मध्ये. केरळातल्या पोन्नानी इथे हे चित्रीकरण झालं. गाडी आली, पण तिच्याबरोबर श्रीमंतीऐवजी कसरत करून पोट भरणाऱ्यांचं धाडस आलं. हे गाणं जगभर गाजलं.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने सहा नियम पाळले आणि एकच मोडला, पण तो नेमका मोडला.

दिल्लीच्या एका बाजूला मॉल, दुसऱ्या बाजूला गल्ली

दिल्ली एनसीआरमध्ये राहणाऱ्या मुलांना जागेसाठी वणवण करायची गरज नाही. साकेतला जा. रस्त्याच्या एका बाजूला सिलेक्ट सिटीवॉकसारखा चकचकीत मॉल, दुसऱ्या बाजूला खिडकी गाव. अरुंद गल्ल्या, डोक्यावर तारांचं जाळं, तुघलक काळातली खिडकी मशीद आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे बिहार, उत्तर प्रदेशापासून अफगाणिस्तान आणि आफ्रिकेपर्यंतचे लोक.

ई. गॅब्रिएल दत्तात्रेयन या मानववंशशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या अशाच मुलांबरोबर राहून अभ्यास केला आणि २०२० मध्ये 'द ग्लोबली फॅमिलियर' हे पुस्तक लिहिलं. साध्या घरांतली, बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांतली ही मुलं. ती रॅप करत, ब्रेकडान्स करत, एकमेकांचे व्हिडिओ काढत. ज्या शहरात त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नव्हतं, तिथे स्वतःचा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला होता. आपल्या मुलाला 'टाइमपास करतोस' म्हणण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

दिल्लीचा रॅप म्हणजे बराच काळ पंजाबी पार्टी गाणी असंच समीकरण होतं. २०१७ मध्ये टिळक नगरच्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख' हा अल्बम दिल्लीच्याच आझादी रेकॉर्ड्सने काढला. भाषा पंजाबीच, पण विषय पार्टीचा नव्हता. नशा, मोहल्ल्यातली हिंसा आणि त्यात हरवलेली मुलं हा त्याचा विषय होता. ओळखीचा आवाज घेऊन त्याने अनोळखी गोष्ट सांगितली.

याच दिल्लीत एक विद्यार्थी रॅपर होऊन गेला, सुमीत सामोस. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यातला हा दलित तरुण जेएनयूमध्ये स्पॅनिश भाषा शिकत होता. २०१८ च्या सुमारास त्याचं 'लडाई सीख ले' हे गाणं आलं. रॅपमध्ये बढाई मारणं ही जुनी रीत आहे. माझ्यासारखा कोणी नाही, मी खालून वर आलो, असं. सुमीतने ती रीत ठेवली, पण 'मी'च्या जागी 'आम्ही' आणलं आणि जातीबद्दल बोलला. पुढे तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. ज्या पालकांना वाटतं की रॅप आणि अभ्यास एका घरात नांदत नाहीत, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

मुली कुठे आहेत?

तुमच्या मुलाने बनवलेला व्हिडिओ बघताना एक प्रश्न जरूर विचारा. यात मुली आहेत का आणि असतील तर त्या काय करताहेत? जुन्या साच्यात मुलीला दोनच कामं होती, गाडीला टेकून उभं राहणं किंवा नाचणं. बोलायचं काम मुलाचं.

हा नियम मोडणाऱ्या मुली आता आपल्याकडे कमी नाहीत. गोवंडीची सानिया एमक्यू शाळेत होती तेव्हापासून हिजाब घालून रॅप करते. रिक्षाचालकाची ही मुलगी वस्तीतल्या आयुष्याबद्दल लिहिते. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे म्हणजे 'माही जी' ही शिक्षणाने इंजिनीअर. ती मराठीत जंगल आणि आदिवासींबद्दल रॅप करते, उष्णतेच्या लाटेवरही तिने गाणं केलंय. मुंबईचा 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा तर पूर्णपणे मुलींचाच गट आहे. त्या मराठीसह अनेक भाषांत रॅप करतात.

यांच्या व्हिडिओत थेट नजर आहे, मागे फौज आहे, गल्ली आहे. म्हणजे खुणा त्याच. फक्त कॅमेरा ज्याच्याकडे मान वर करून बघतोय, तिथे आता मुलगी उभी आहे. एवढा एक बदलही सगळ्या दृश्याचा अर्थ बदलतो.

तुमची मुलगी रॅप करते म्हणाली तर 'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न मनात येणारच. पण गणेशोत्सवात तिने व्यासपीठावर नाच केला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्याच ना? मग ती स्वतः लिहिलेले शब्द बोलत असेल तर टाळ्या का थांबाव्यात?

आपल्या शाहिराची लेक आणि लेकरं

मराठी घरांना तर रॅप परका वाटायचं काहीच कारण नाही. दोन फड समोरासमोर उभे राहून सवाल टाकतात, समोरच्याने तिथल्या तिथे जबाब द्यायचा, हा आपला कलगीतुरा. तुरेवाले शिवाला मोठं मानणार, कलगीवाले शक्तीला. आजची मुलं ज्याला रॅप बॅटल म्हणतात ते याहून फार वेगळं नाही.

आणि स्वतःचं नाव घेण्याची ती सातवी खूण? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' ही नाममुद्रा आपल्याकडे शतकानुशतकं आहे. शाहीरही शेवटच्या कडव्यात आपलं आणि गुरूचं नाव गुंफतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक यांनी डफाच्या तालावर भाकरीचे आणि सन्मानाचे प्रश्न मांडले.

भाषेच्या बाबतीतही साचा मोडतोय. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ढंगात रॅप करतो, पुण्याचा सांबाटा मराठीत. तिकडे हरियाणाच्या एमसी स्क्वेअरने २०२२ मध्ये 'हसल' या स्पर्धेत हरियाणवीत रॅप करून विजेतेपद मिळवलं. म्हणजे मान्यता मिळण्यासाठी इंग्रजी किंवा हिंदीच हवी, असं आता राहिलं नाही. पहाडगंज, करोल बाग, नोएडा, गुरुग्राममध्ये वाढलेल्या मराठी मुलांकडे तर खास खजिना आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, दुकानात पंजाबी, कॉलेजात इंग्रजी. ही मिसळण लपवायची गोष्ट नाही, गाण्यात घालायची गोष्ट आहे.

समजा, तुम्हीच बनवताय

समजा, दिल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या तीन मैत्रिणी आणि दोन मित्र मिळून व्हिडिओ बनवताहेत. विषय, पीजीत राहणाऱ्या मुलीचा दिवस. पैसे जवळजवळ नाहीतच. साचा कसा पाळायचा आणि कसा मोडायचा?

गाडीच्या जागी डीटीसीची बस घ्या. पण शॉट तसाच ठेवा, जसा आलिशान गाडीचा घेतात. खिडकीतून बाहेर काढलेली मान, वाऱ्यावर उडणारे केस. साखळी चमकते तिथे हातात बसचं तिकीट दाखवा. दिल्लीत बायकांचा बसप्रवास २०१९ मध्ये मोफत झाला आणि त्यानंतर मिळणारं गुलाबी तिकीट हजारो मुलींना शिकायला, नोकरीला घेऊन गेलं. नोटा उधळण्याऐवजी महिन्याच्या हिशोबाची वही ठेवा. मागे उभ्या फौजेत मैत्रिणींबरोबर पीजीतल्या स्वयंपाकाच्या मावशींनाही घ्या, अर्थात त्यांना विचारून आणि त्यांना आवडत असेल तरच. मावशी हाताची घडी घालून कॅमेऱ्यात रोखून बघताहेत, हा शॉट कोणत्याही महागड्या शॉटला भारी पडेल.

बघणारा हसेल. पण ते हसणं मावशींवर नको, आपल्या मनातल्या साच्यावर हवं. गरिबी म्हणजे नुसती सजावट होऊ नये. ज्या गल्लीत तुम्ही राहत नाही तिथे फक्त 'भारी बॅकग्राउंड' म्हणून जाऊन उभं राहणं, हाही दिखाव्याचाच एक प्रकार आहे.

आता काही कामाच्या गोष्टी.

गाणं आधी पक्कं रेकॉर्ड करा, व्हिडिओ नंतर. शूटच्या वेळी तेच गाणं स्पीकरवर लावून ओठ जुळवा. मोबाइलचा आवाज फक्त जुळवणीसाठी वापरायचा असतो.

ठेक्याचं गणित मांडा. मिनिटाला ९० ठोके असतील तर चार ठोक्यांची एक ओळ साधारण २.७ सेकंदांची होते आणि १६ ओळींचं कडवं ४३ सेकंदांत संपतं. म्हणजे प्रत्येक ओळीला एक शॉट धरला तर एका कडव्याला १६ शॉट हवेत. हे आधी कागदावर लिहिलं तर शूटच्या दिवशी भांडणं होत नाहीत.

संथ गतीतही ओठ जुळलेले हवे असतील तर एक युक्ती आहे. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करा आणि शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा. नंतर व्हिडिओ २५ फ्रेमवर चालवला की हालचाल संथ दिसते आणि ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात.

प्रकाशासाठी दिवे भाड्याने घेऊ नका. सकाळी सूर्य उगवल्यानंतरचा आणि संध्याकाळी मावळण्याआधीचा तास गच्चीवर फुकट मिळतो. दिल्लीच्या हिवाळ्यात धुकंही मिळेल, पण हवा खराब असेल त्या दिवशी बाहेरचं शूट पुढे ढकला. चार शॉटसाठी दिवसभर खोकत बसण्यात शहाणपण नाही.

आणि प्रत्येक निर्णयाची एक ओळ वहीत लिहा. 'कॅमेरा खाली ठेवला, कारण...' 'गाडी घेतली नाही, कारण...' अहवाल लिहिताना हीच वही उपयोगी पडेल. परीक्षकाला नियम मोडला हे दिसतंच, त्याला कारण हवं असतं.

कुठला नियम मोडायचा नाही?

साचा मोडणं आणि कायदा मोडणं यात फरक आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शूट केलेल्या एका रॅप व्हिडिओवरून मोठा गदारोळ झाला. शिवराळ भाषा आणि टेबलावर मांडलेली शस्त्रं, दारूची बाटली यामुळे प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं आणि गुन्हा दाखल झाला. शिव्या आणि शस्त्रं या हिपहॉपच्या सगळ्यात जुन्या, झिजलेल्या खुणा आहेत. त्या वापरून नवं काही सांगितलं जात नाही आणि किंमत मात्र मोठी मोजावी लागते. पंजाब सरकारने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदुकांचा उदोउदो करणाऱ्या गाण्यांवर बंदीच घातली.

त्याच एप्रिल महिन्यात महाराष्ट्रात राजकारणावर टीका करणाऱ्या रॅप गाण्यांवरूनही गुन्हे दाखल झाले होते. ही वेगळी गोष्ट आहे आणि आईबाबांनी ती वेगळीच ठेवायला हवी. प्रश्न विचारणं हा हिपहॉपचा आत्मा आहे. मुलाने प्रश्न विचारला म्हणून त्याला गप्प करू नका. मात्र कोणाचं नाव घेऊन आरोप करण्याआधी पुरावा आहे का, हे त्याच्याबरोबर बसून तपासा.

याशिवाय काही साध्या काळज्या घ्या. कॉलेजच्या आवारात शूट करायचं तर लेखी परवानगी घ्या. दिल्ली मेट्रोत परवानगीशिवाय व्हिडिओ बनवायला मनाई आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये चित्रीकरणाआधी चौकशी करा. राजधानीच्या बऱ्याच भागांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, त्यामुळे तो शॉट गच्चीवरूनच घ्या. यूट्यूबवर 'फ्री' लिहिलेला बीट प्रत्येक वेळी पूर्ण मोफत नसतो. बऱ्याचदा तो फक्त पैसे न कमावता वापरण्यापुरता मोफत असतो, म्हणून खाली लिहिलेल्या अटी वाचा आणि बीट बनवणाऱ्याचं नाव द्या. व्हिडिओत १८ वर्षांखालची मुलं असतील तर त्यांच्या पालकांना आधी विचारा. रेल्वेरूळ, कठडा नसलेली गच्ची, धावती बाइक यांवरचा शॉट कितीही भारी वाटला तरी नको म्हणजे नकोच.

आईबाबांनो, तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, व्हिडिओ पूर्ण बघा. अर्ध्यात 'हे काय गाणं आहे?' म्हणू नका. शब्द पटकन कळत नसतील तर लिहिलेला कागद मागा. मुलाने काय लिहिलंय ते वाचताना कदाचित अशी एखादी गोष्ट सापडेल जी त्याने जेवणाच्या टेबलावर कधी सांगितली नव्हती. कॉलेजमधला एकटेपणा, नोकरीची भीती, घरातली एखादी न बोललेली कुरबुर. गाण्यात सांगणं त्याला सोपं गेलं असेल.

दुसरी, तीन प्रश्न विचारा. यातलं तुझं काय आहे? उसनं काय आहे? आणि उसनं घेतलंस ते का घेतलंस? हे प्रश्न ओरडण्यापेक्षा जास्त काम करतात. भाड्याने आणलेली साखळी आणि मित्राच्या काकांची गाडी व्हिडिओत का आहे, याचं उत्तर शोधताना मुलगा स्वतःच ती काढून टाकेल.

तिसरी, शिव्यांबद्दल मोकळेपणाने बोला. 'सगळेच देतात' हे उत्तर आलं तर म्हणा, "मग तू वेगळा काय केलास?" नियम मोडण्याचा आव आणणाऱ्याला हा प्रश्न बरोबर लागतो.

चौथी, जमलं तर त्या व्हिडिओत दिसा. आजीला गच्चीवर पापड वाळत घालताना, बाबांना स्कूटरला किक मारताना मुलांनी टिपलं तर नाही म्हणू नका. हिपहॉपच्या साच्यात सगळं काही असतं, टोळी असते, मोहल्ला असतो, फक्त आईबाबा क्वचितच असतात. मागच्या फौजेत तुम्ही उभे राहिलात, तर मुलांच्या व्हिडिओतला सगळ्यात वेगळा नियमभंग तोच असेल आणि त्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.